होता तसा

फोरमन कारखान्यात होते तेव्हा त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षांत त्यांच्या जागी सात ट्रॅक्टर आले, आणि फोरमनच्या मते हा बदल चांगलाच झाला, कारण ट्रॅक्टर उलट बोलत नाहीत आणि चहाला म्हणून जाऊन तासभर गायब होत नाहीत.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातली धुडं नव्हेत. बागेत चालवायचे, माणसाच्या कमरेइतके उंच, एका सिलिंडरचे, पोटाखाली गवत कापायचं पातं असलेले छोटे ट्रॅक्टर. सगळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. ते बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा आता शिल्लक नव्हत्या. फोरमन ते भंगारातून उचलून आणत, शेवटच्या वायसरपर्यंत सुटे करत आणि वर्ष-दीड वर्ष खपून असे जुळवत की आत्ताच कारखान्याच्या दारातून बाहेर पडलाय असं वाटावं. मग त्यावर चादर घालत. त्यानंतर सातांपैकी एकानेही गवताची काडी कापली नव्हती, कारण गवत कापलं की पात्याचा रंग जातो. त्यांच्यावर बसायचीही कोणाला परवानगी नव्हती. बसलं की सीटचा रंग जातो.

या कामात फोरमनचा देव एकच, तो म्हणजे पुस्तक. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर कंपनी जे माहितीपुस्तक देई, ते त्यांनी कुठून कुठून पैदा केलं होतं आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. बोल्ट किती आवळायचा, रंगाची छटा कुठली, सीटचं भोक मागच्या कडेपासून किती अंतरावर, सगळं त्यात होतं. जे त्यात नव्हतं ते फोरमनच्या लेखी पाप होतं. जुन्या मालकांनी मारलेली पत्र्याची ठिगळं, पट्ट्याऐवजी बांधलेली सायकलची ट्यूब, असलं काही निघालं की ते एका पत्र्याच्या डब्यात जाई, आणि डब्यावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं : ‘पापं’. जुन्या बाग-ट्रॅक्टरवाल्यांचं अकरा सभासदांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा त्यांचा मेळावा भरे, तेव्हा कोणाचा ट्रॅक्टर किती मूळचा आहे याचे गुण द्यायला परीक्षक म्हणून फोरमनच असत. जेवणं झाली की ते डबा उघडत आणि एकेक पाप चिमटीत धरून दाखवत, आणि सभासद पोट धरधरून हसत.

या डब्यात एक ना एक दिवस आपल्या साडूची पापं येणार, अशी फोरमनना खात्री होती. साडू शाळेत भूगोल शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. फोरमन पाठीमागे तारमास्तर म्हणत. मास्तरांच्या घरात मोडलेली प्रत्येक वस्तू तारेने दुरुस्त होई : चष्म्याची दांडी तारेची, दाराची कडी तारेची, छत्रीच्या दोन काड्या तारेच्या. साडू-साडूंचं नातं मुळातच नाजूक. एकाच घरच्या दोन जावयांना लोक जन्मभर एकाच तराजूत घालत बसतात. त्यात मास्तरांकडेही असाच एक जुना ट्रॅक्टर होता, मोठ्या बागेच्या घराबरोबर आलेला, आणि मास्तरांनी त्यालाही सोडलं नव्हतं. फोरमन त्यांच्याकडे गेले की मागच्या पडवीत उभ्या असलेल्या त्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारत, कपाळाला हात लावत आणि म्हणत, “मास्तर, हा ट्रॅक्टर नाही. हा तारेत गुंडाळून ठेवलेला अपघात आहे.” मास्तर हसत आणि चहाचा कप पुढे करत. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग मास्तर गेले, झोपेतच, कोणाला काही त्रास न देता. महिन्याभरात ट्रॅक्टरनेही मान टाकली.

मास्तरांची बायको ही फोरमनच्या बायकोची थोरली बहीण. नात्याने फोरमनची आकडसासू, पण फोरमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. दोघी बहिणी एकाच साच्यातल्या, बुटक्या आणि काटक, सोफ्यावर बसल्या की पाय जमिनीला न लागणाऱ्या. ताईंचा मुलगा दूर एका मोठ्या शहरात नवव्या मजल्यावर राहत होता. वडील गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, की घर विकू आणि तू माझ्याकडे चल.

“मला नववा मजला नको,” ताई म्हणाल्या.

“आई, गवत गुडघ्याला लागलंय. उद्या त्यात काही निघालं, तू पडलीस, तर बघणार कोण? महिनाअखेरच्या रविवारी येतो. बाग तुझ्या हाताने आटोक्यात आलेली दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर तू माझं ऐकायचंस.”

मुलगा वाईट नव्हता. त्याची काळजी खरी होती, आणि म्हणूनच ताईंना त्याच्याशी भांडता येईना. त्यांनी त्याची अट मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी फोरमनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“फोरमन, ट्रॅक्टर बंद पडलाय. त्या रविवारच्या आधी मला तो होता तसा करून द्या.”

फोरमनचे डोळे जवळजवळ पाणावले. तीस वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते. “होता तसा? ताई, अगदी होता तसा करून देतो. काही काळजी करू नका.”

ताई गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, “अहो, नेमकं काय काय हवंय ते तिला एकदा विचारून तरी घ्या.”

“तिला गिअरमधलं काय कळतंय?” फोरमन म्हणाले. ते तोवर पुस्तक शोधायला लागलेही होते. बायको कप घेऊन आत गेली.

ट्रॅक्टरचा बिघाड अर्ध्या दिवसाचा होता. टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये जाऊन बसला होता आणि पट्टा झिजला होता, बस. पापं मात्र तीन आठवडे पुरली. क्लचच्या पॅडलवर चार बोटं जाडीचा लाकडी ठोकळा तारेने बांधलेला; खुर्चीच्या पायाचा तुकडा असावा. चोकची मूळची मूठ खाली इंजिनाजवळ, तर मास्तरांनी तिला तार जोडून ती स्टिअरिंगपर्यंत वर आणलेली आणि टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ अडकवलेलं. वेगाची दांडी निम्म्यापुढे जाऊच नये म्हणून तिच्या वाटेत आडवा स्क्रू मारलेला. म्हणजे इंजिनाचा गळा दाबूनच ठेवला होता म्हणायचा. सीट तर मूळ जागेवरून वीतभर पुढे सरकवलेली, नवीन भोकं पाडून, आणि तीही वेडीवाकडी, एक पुढे एक मागे, की सीट सरळ बसायचं नाव घेईना. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला चक्क सायकलची घंटी.

“भूगोलाचा मास्तर,” फोरमन पुटपुटले, “उत्तर-दक्षिण सोडून दुसरं काही सरळ बघितलंच नसेल आयुष्यात.”

त्यांनी ठोकळा काढला, रीळ काढलं, स्क्रू काढला, घंटी काढली, आणि सगळं डब्यात टाकलं. सीटची वाकडी भोकं वेल्डिंगने बुजवली, कानशीने सपाट केली आणि पुस्तकातल्या मापाने नवी पाडली. मग प्रायमरचा एक हात, रंगाचे तीन हात. मास्तरांविषयी त्यांच्या मनात राग नव्हता. उलट, गेलेल्या माणसाचं शेवटचं अर्धवट राहिलेलं काम आपण नीट करून देतोय, अशी एक उदार भावनाच होती.

शुक्रवारी दुपारी त्यांनी ट्रॅक्टर ताईंच्या बागेत गाडीवरून उतरवला, चादर ओढून काढली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. हिरव्या बॉनेटमध्ये ताईंचं घर स्वच्छ दिसत होतं. ताई टॉवेलला हात पुसत आल्या आणि त्यांनी ट्रॅक्टरभोवती सावकाश एक फेरी मारली.

“छान दिसतोय,” त्या म्हणाल्या. “कोणाचा आहे?”

फोरमनना हा विनोद वाटला, आणि ते मोकळेपणाने हसले. पण ताई वर चढून बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. ताईंचे पाय हवेत होते. त्या सरकत सरकत सीटच्या अगदी कडेला आल्या, डावा पाय ताणून अंगठ्याने कसाबसा क्लच दाबला, वाकून चोक ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं काही गर्जलं की फोरमनची छाती फुगली. ताईंनी क्लच सोडला. ट्रॅक्टरने उडी मारली, ताई मागे घसरल्या, पाय पॅडलपासून सुटला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण ताकद मोकळी मिळालेलं ते यंत्र वाळत घातलेल्या दोन चादरी दोरीसकट घेऊन सरळ कुंपणाच्या झुडपात शिरलं आणि तिथे बंद पडलं.

फोरमन धावले. खरं सांगायचं तर त्यांनी आधी बॉनेटकडे पाहिलं आणि मग ताईंकडे.

ताईंनी डोक्यावरची चादर काढली. “मी म्हटलं होतं, होता तसा करून द्या.”

“होता तसाच आहे, ताई.” फोरमननी पिशवीतून पुस्तक काढलं आणि चित्र उघडून दाखवलं. “हे बघा. सीट, दांडी, पॅडल. एका सुताचा फरक निघाला तर नाव बदलीन.”

“हा चित्रातला झाला,” ताई म्हणाल्या. “मी आमच्याबद्दल बोलत होते. लाकूड कुठे गेलं?”

“कसलं लाकूड?”

“क्लचवरचं. माझा पाय पोचत नाही.”

“तुमचा? पण चालवायचे तर मास्तर ना?”

“ते?” ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “गवताजवळ गेले की त्यांना शिंका सुरू व्हायच्या, डोळे सुजायचे. तीस वर्षं गवत मीच कापलंय, फोरमन.”

फोरमन पायरीवर बसले. ताई शेजारी येऊन बसल्या आणि शांतपणे एकेक सांगत गेल्या. चोकची तार वर आणली, कारण वाकलं की त्यांच्या पाठीत उसण भरे. दांडी निम्म्यावर अडवली, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी कुंपण पाडलं होतं आणि मग महिनाभर त्या ट्रॅक्टरवर बसायला घाबरत होत्या. सीट पुढे घेतली पाय पोचावा म्हणून, आणि तिरकी बसवली, कारण कापलेल्या ओळीकडे बघायला त्या तिरक्या होऊन बसत आणि संध्याकाळी त्यांची मान धरे.

“आणि घंटी?” फोरमननी विचारलं. तिचं कारण त्यांना काही केल्या सुचेना.

“कुठे अडले की वाजवायची. मग ते घरातून येऊन ढकलून द्यायचे. नाकाला रुमाल बांधून.” ताई चादरीची घडी घालायला लागल्या. “ती राहू द्या आता. ऐकायला कोण आहे.”

“मास्तर मला कधी बोलले नाहीत,” फोरमन म्हणाले.

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगत होतात.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण फोरमननी कारखान्यात शेकडो वेळा दुसऱ्यांना ऐकवली होती. स्वतःला लावून बघायची वेळ कधी आली नव्हती. आता ती आली, आणि म्हण अगदी मापात बसली. त्यांना मनापासून लाज वाटली. रविवारी मुलगा येणार होता, गवत गुडघ्याला लागलेलं होतं, आणि ताईंना नवव्या मजल्यावर पोचवायची व्यवस्था आपणच तीन हात रंग देऊन करून ठेवली, हे त्यांना कळून चुकलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “तुला माहीत होतं? ताई चालवते ते?”

“सगळ्यांना माहीत होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही पुस्तक वाचत होतात,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी फोरमन पापांचा डबा घेऊन ताईंच्या पडवीत हजर झाले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पहाटेच उठून त्यांनी लाकडाऐवजी पोलादाचा एक सुंदर तुकडा कापून, घासून, चारी कोपरे गोल करून आणला होता. पॅडलवर तो असा बसला की जणू तिथेच जन्मला. ताईंनी पाय ठेवून बघितला.

“घसरतो,” त्या म्हणाल्या. “लाकूड पाय धरून ठेवतं.”

फोरमननी पोलाद काढलं आणि डब्यातून ठोकळा काढला. मग सीट. ताईंना बसवून, खडूने खुणा करून त्यांनी विचारलं, “तिरकी म्हणजे किती अंशांनी?”

“अंश कसले? तिरकी.”

ताज्या रंगावर टेकवलेलं ड्रिल त्यांनी दोनदा मागे घेतलं. चाळीस वर्षं सरळ भोकं पाडलेल्या हाताला वाकडं भोक पाडता येईना. एक पाडलं तर ते सवयीने सरळच आलं. दुसरं पाडताना ड्रिल घसरून रंगावर हा लांब ओरखडा गेला. तिसऱ्या वेळी सीट बसली. ताई तिरक्या बसल्या, मान वळवून बघितली आणि म्हणाल्या, “हां.” एवढंच. पण कारखान्यात साहेबाने दिलेल्या प्रशस्तिपत्रकापेक्षा त्या हुंकाराने फोरमनना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

खरी फजिती तारेने केली. फोरमनना तार बांधता येत नव्हती. तार बांधणं हे काम नव्हे, अशी ज्याची उभी हयात शिकवण, त्याला ती कशी येणार? पक्कडीने त्यांनी असा काही पीळ दिला की तार तुटली. दुसरी बांधली ती ताईंनी दोनदा पाय मारताच सैल पडली.

“द्या इकडे,” ताई म्हणाल्या. त्यांनी तीन वेढे घेतले, एक आडवा टाकला, पीळ दिला आणि उरलेलं टोक पक्कडीने आत वळवून लाकडात दाबून टाकलं. “टोक बाहेर ठेवायचं नाही. पायाला लागतं.”

फोरमननी डब्यात पाहिलं. मास्तरांच्या ट्रॅक्टरवरून निघालेल्या सगळ्या तारा त्यात पडल्या होत्या, आणि झाडून सगळ्यांची टोकं आत वळवलेली होती. तीस वर्षं ते या तारांकडे बघून कपाळाला हात लावत आले होते, पण एकाही तारेचं टोक त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांना मास्तरांची आठवण आली. माणूस गेल्यापासून पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती खरोखरची आली, आणि ताई समोर असल्यामुळे त्यांना उगाच खोकावं लागलं.

ताई चहा करायला आत गेल्या तेव्हा त्यांनी घंटी परत दांड्याला लावली. ताईंनी बाहेर येऊन ती बघितली आणि कप त्यांच्या हातात दिला.

रविवारी मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईसाठी औषधांची पिशवी. फोरमन आणि त्यांची बायको पडवीत बसलेच होते. मुलाने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. चकाचक हिरवा रंग, त्यावर ओरखडा, वाकडी सीट, तारा, ठोकळा, रीळ.

“काका, हे तुम्ही केलंत?” त्याने विचारलं. आवाजात अविश्वास होता. “तुम्ही तर म्हणायचात, हा तारेत गुंडाळलेला अपघात आहे. आणि त्याच्यावर मी आईला एकटीला सोडू?”

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून ताई उत्तराची वाट न बघता चढून बसल्या. रीळ ओढलं, ठोकळ्यावर पाय दाबला, आणि ट्रॅक्टर निम्म्या आवाजात, वयस्कर माणसाने जिना उतरावा तसा, गवतात उतरला.

ओळी वाकड्या होत्या. दर दोन ओळींत चार बोटं गवत उभं राहत होतं. परीक्षक म्हणून फोरमनच्या जिवाचं पाणी होत होतं, तरी ते जागचे हलले नाहीत. अर्धी बाग झाली, पाऊण झाली. मुलगा हाताची घडी घालून बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत होता. मग कोपऱ्यातल्या खोलगट भागात, जिथे पाणी मुरलेलं असे, मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. ताईंनी पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. ट्रॅक्टर आणखीच रुतला.

ताईंनी घंटी वाजवली.

त्यांनी ती मुद्दाम वाजवली नसावी. तीस वर्षांचा हात होता, तो आपोआप गेला. वाजल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या मान खाली घालून तशाच बसून राहिल्या.

“हेच,” मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. “मी हेच म्हणतोय, काका. आई चालवते हे मला काय माहीत नाही? पण तेव्हा बाबा घरात असायचे. आता कोण…”

शेजारची खुर्ची रिकामी आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. फोरमन पाहुणे म्हणून घातलेल्या पांढऱ्या पँटमध्ये बाग अर्धी ओलांडून गेले होते. ते चिखलात उतरले, सीटच्या पाठीला खांदा लावला आणि म्हणाले, “हं, ताई.” चाकाने त्यांना गळ्यापर्यंत माखलं आणि ट्रॅक्टर बाहेर आला. ताईंनी मागे वळून बघितलं नाही. राहिलेल्या ओळी पुऱ्या केल्या.

फोरमन तसेच माखलेले पडवीत आले, तेव्हा मुलाने पुन्हा विचारलं, “काका, एकदाच सांगा. तुमच्या शब्दावर मी जाईन. हा ट्रॅक्टर सुरक्षित आहे?”

आपलं चुकलं, हे वाक्य फोरमननी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नव्हतं. ते तोंडातून निघायला वेळ लागला. “ब्रेक मी तपासलेत. आणि निम्म्या वेगाच्या वर तो जातच नाही. हा तुझ्या आईच्या मापाने केलेला आहे. मी नाही केला, तुझ्या वडिलांनी केला. मी तो बिघडवला होता, काल परत लावलाय. त्यांना मी तीस वर्षं जे बोललो ते चूक होतं.”

मुलगा त्यांच्या माखलेल्या पँटकडे बघत राहिला.

“आणि गवत दर शनिवारी कापायचं,” फोरमन म्हणाले. “त्या वेळी मी इथे येऊन बसेन. घंटी ऐकायला.”

“दर शनिवारी?”

“मला दुसरं काम काय आहे? माझे ट्रॅक्टर कुठे जात नाहीत.”

मुलाने बागेकडे बघितलं, आईकडे बघितलं. औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “ठीक आहे. राहा इथेच.” ताई तोवर जवळ येऊन पोचल्या होत्या. त्यांनी पडवीतली पक्कड उचलून फोरमनपुढे धरली.

“येऊन बसा,” त्या म्हणाल्या. “पण बसायचं फक्त. बोलायचं नाही. आणि ठोकळ्याची तार पुढच्या खेपेला तुम्ही बांधायची. सवय नको का व्हायला?”

घरी येऊन फोरमननी अंघोळ केली, कपडे बदलले आणि बायको कुठे दिसेना म्हणून शोधत शोधत शेडपर्यंत आले. सगळ्यात लाडक्या, तांबड्या ट्रॅक्टरवरची चादर खाली पडलेली होती, आणि बायको सीटवर बसली होती. फोरमननी रंगाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. अडतीस वर्षांच्या संसारात तिला असं बसलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. तिचे दोन्ही पाय पॅडलच्या वर वीतभर लोंबत होते.

“पोचत नाहीत,” ती म्हणाली.

फोरमननी भिंतीवरची टेप काढली, तिच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि उजव्या पायाला लावली.

“डावा आधी घ्या,” बायको म्हणाली. “डावा अर्धा इंच आखूड आहे.”

फोरमननी वर पाहिलं. “कधीपासून?”

“जन्मापासून,” ती म्हणाली.